दिव्यांग विद्यार्थ्याचा हक्क आणि वकिलाचे साहाय्य

दसरा झाला की ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची बांधाबांध सुरू होते. अशाच एखाद्या गावच्या प्राथमिक शाळेतील इयत्ता तिसरीचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. त्या वर्गात एक मुलगी आहे. जन्मापासून तिच्या उजव्या हातापायांत बळ कमी. ती चालते, पण दप्तर उचलून चालू शकत नाही. इतर मुलांच्या दहा ओळी लिहून होतात तोवर तिच्या तीन ओळी होतात. आईबापांनी रोज बुडवून तिला जिल्हा रुग्णालयात नेले, तपासणी झाली आणि प्रमाणपत्र हाती आले. त्यावर दिव्यांगत्वाचे प्रमाण लिहिलेले होते ३५ टक्के. पुढे कचेरीत चौकशी करता ‘चाळीसच्या खाली काही मिळत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एका गृहस्थाने बापास बाजूस घेऊन सांगितले, ‘वकील माझ्या ओळखीचे आहेत. पैशांची तजवीज करा, चाळीस करून आणतो.’ बाप काही न बोलता घरी परतला. आठ दिवसांनी कुटुंब कारखान्याच्या वाटेस लागले. मुलगी आजीपाशी राहिली आणि प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत राहिले.

या प्रसंगात कोणाचाही दुष्ट हेतू दिसत नाही. फाटकावरील गृहस्थाचा काय तो अपवाद. तरीही मुलीचे मोठे नुकसान होऊ घातले आहे, कारण त्या प्रमाणपत्रावर टक्क्यांखेरीज आणखी एक आकडा होता व तो कोणी पाहिला नाही. तो आकडा म्हणजे तारखेचा. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल, तर त्या निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत अपील करता येते. उसाचा हंगाम त्याहून लांब चालतो. कुटुंब परत येईल तेव्हा ही मुदत उलटून गेलेली असेल.

अशा वेळी वकील करावा काय, करावा तर केव्हा, कोठून आणि कोणत्या अटीवर, हे प्रश्न पालक बहुधा शिक्षकासच विचारतात. खेड्यात कागद वाचून दाखविणारा जवळचा माणूस तोच असतो. म्हणून या विषयाची मोजकी पण निश्चित माहिती प्रत्येक शिक्षकापाशी असणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. या कायद्यात ते २१ झाले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसीमिया, सिकलसेल यांचाही त्यांत समावेश आहे. ज्याचे दिव्यांगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले, त्यास आरक्षण व बऱ्याचशा आर्थिक योजनांचा लाभ मिळू शकतो. अशा बालकास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत नजीकच्या शाळेत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क कलम ३१ ने दिला आहे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ४० टक्क्यांची अट सर्वच बाबींस लागू नाही. लेखनास अडचण असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असा निर्णय दिला, की केवळ ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणास्तव लेखनिक नाकारता येत नाही; व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणे हे कर्तव्य आहे. तात्पर्य, वर उल्लेखिलेल्या मुलीस लिहिण्यासाठी अधिक वेळ देणे, तिचे दप्तर शाळेतच ठेवू देणे किंवा तिची जागा दाराजवळ करणे यांसाठी कोणत्याही अपिलाच्या निकालाची वाट पाहावयाची नाही. ते काम शाळेने आजच करावयाचे आहे.

वकिलावाचून होणारी कामे

प्रत्येक अर्जाच्या वेळी वकिलाकडे धाव घेण्याचे कारण नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पहिला अर्ज स्वावलंबन या संकेतस्थळावर करावयाचा असतो व जून २०२१ पासून प्रमाणपत्रे त्याच मार्गाने देणे देशभर बंधनकारक झाले आहे. हा अर्ज पालक शिक्षकाच्या मदतीने भरू शकतात. उत्पन्नाचा दाखला, बँकेतील खाते, शिष्यवृत्तीचा अर्ज, मुदतबंद प्रमाणपत्राचे नूतनीकरण ही कामेही पालकास स्वतः करता येण्यासारखी आहेत. यांपैकी नूतनीकरणाकडे विशेष लक्ष असावे. ज्या बालकाच्या स्थितीत पुढे फरक पडण्याचा संभव असतो, त्याचे प्रमाणपत्र ठरावीक काळापुरतेच दिले जाते. तो काळ संपल्याचे ध्यानात न आल्यामुळे लाभ बंद पडतात व पालकांस वाटते की कोणी तरी मुद्दाम नाव कापले.

अर्जाचे काय झाले हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून विचारता येते व साधारणतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास हे शुल्कही नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली जी सेवा अधिसूचित आहे ती मुदतीत न मिळाल्यास त्याच विभागाच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही पालक स्वतः तक्रार करू शकतात. त्यांचे कार्यालय पुणे येथे आहे. यांपैकी कोणत्याही ठिकाणी वकील असलाच पाहिजे असा नियम नाही.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. काही लाभांची रक्कम लहान असते. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींसाठी दरमहा २०० रुपयांप्रमाणे वर्षातील १० महिने प्रोत्साहन भत्ता ठरविण्यात आला. एवढ्या रकमेच्या एका अर्जासाठी वकिलास त्याहून अधिक फी देणे शहाणपणाचे होणार नाही. जे काम अर्जाने व स्मरणपत्राने होते ते त्यानेच करावे.

वकील केव्हा हवा

नकार लेखी आला, मुदत धावू लागली, अथवा प्रश्न माहितीचा न राहता हक्काचा झाला, म्हणजे कायद्याच्या जाणकाराची गरज उत्पन्न होते. असे प्रसंग मुख्यत्वे चार प्रकारचे असतात.

पहिला, प्रमाणपत्र नाकारले गेले किंवा टक्केवारी कमी लागली. मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली व मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. तपासणी त्या तत्त्वांनुसार झाली काय, सर्व अवयवांचा विचार झाला काय, एकाहून अधिक प्रकारचे दिव्यांगत्व असताना एकच मोजले गेले काय, हे मुद्दे अपिलात नेमकेपणाने मांडावे लागतात. प्रमाणपत्र नाकारावयाचे झाल्यास त्याची कारणे अर्जदारास लेखी कळविली पाहिजेत, असाही नियम आहे.

दुसरा, चालू असलेले अनुदान सूचना न देता बंद झाले व अर्ज करूनही खुलासा मिळाला नाही. तिसरा, शाळेने अथवा वसतिगृहाने दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारला. चौथा, अपघातामुळे बालकास कायमचे अपंगत्व आले आणि नुकसानभरपाईचा दावा करावयाचा आहे. या चौथ्या प्रकारात रक्कम मोठी असते, पुरावा तांत्रिक असतो व समोर विमा कंपनीचा वकील असतो; तेव्हा तेथे वकिलावाचून जाणे धोक्याचे आहे.

उच्च न्यायालयातील रिट अर्ज हा शेवटचा मार्ग होय. अपिलाची सोय असताना ती सोडून थेट तेथे जाण्याचा सल्ला कोणी दिल्यास, त्याचे कारण पालकाने अवश्य विचारावे.

विनामूल्य वकील हा हक्क आहे

वकील म्हटला की गरीब पालकास प्रथम फीची धास्ती वाटते. ती बहुतांशी अनाठायी आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-अ घालण्यात आला व दुर्बलांस विनामूल्य विधी साहाय्य देण्याचे तत्त्व शासनावर सोपविण्यात आले. त्यास अनुसरून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा कायदा झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती विनामूल्य विधी सेवेस पात्र आहेत. उत्पन्नाची मर्यादा या वर्गांस लागू नाही. याचा अर्थ असा, की दिव्यांग बालकाच्या वतीने जाणाऱ्या पालकास ‘तुमची जमीन किती’ या प्रश्नावरून परत पाठविता येत नाही. मात्र प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असावे लागते.

तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. जिल्हा न्यायाधीश हे प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. अर्ज साध्या कागदावर करता येतो. ज्यास लिहिता येत नाही त्याने आपले म्हणणे तोंडी सांगावे; तेथील कर्मचारी अथवा विधी स्वयंसेवक ते लिहून घेतात. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही चौकशी करता येते. सल्ला, अर्जाचा मसुदा, न्यायालयीन शुल्क, नकलांचा खर्च व वकिलाची नेमणूक हे सर्व या सेवेत येते. असा नेमलेला वकील पक्षकाराकडून कसलीही फी मागू किंवा घेऊ शकत नाही. मागितल्यास समितीच्या सचिवांकडे तक्रार करावी. सेवा नाकारली गेली तर समितीच्या अध्यक्षांकडे अपील करता येते.

फुकटचा वकील मन लावून काम करीत नाही, अशी समजूत आढळते. तसे घडतच नाही असे नाही. पण तो दोष खासगी वकिलाच्या बाबतीतही संभवतो. त्यावर उपाय एकच. प्रत्येक तारखेस काय झाले हे पालकाने विचारावे व वहीत टिपून ठेवावे. सतत हयगय होत असेल तर दुसरा वकील देण्याची लेखी विनंती समितीस करावी.

खासगी वकील करावयाचा झाल्यास

काही पालक आपल्या पसंतीचा वकील करू इच्छितात. तो त्यांचा अधिकार आहे. त्यांनी पुढील गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. अशा प्रकारचे काम वकिलांनी पूर्वी केले आहे काय? एकूण फी किती व ती कोणत्या टप्प्यास किती द्यावयाची? टपाल, नकला, प्रवास यांचा खर्च त्यात धरला आहे काय? सुनावणीस स्वतः उभे राहणार की दुसऱ्यास पाठविणार? या प्रश्नांचा प्रामाणिक वकिलास राग येत नाही. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी.

‘जिंकलो तर मिळणाऱ्या रकमेत इतका वाटा’ असा करार आपल्या देशात वकिलास करता येत नाही. वकील परिषदेच्या नियमांनी तो निषिद्ध ठरविला आहे. दलाल ठेवून पक्षकार गोळा करणेही त्याच नियमांच्या विरुद्ध आहे. म्हणून कचेरीच्या फाटकावर भेटणारा व टक्केवारी वाढवून आणण्याची हमी देणारा मनुष्य वकिलाच्या नावाने बोलत असला, तरी त्याच्यापासून दूर राहणेच बरे. निकालाची हमी कोणताही खरा वकील देत नाही. शिवाय खोट्या प्रमाणपत्राच्या आधारे लाभ घेणे किंवा तसा प्रयत्न करणे हा कलम ९१ खाली गुन्हा असून त्यास २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दलाल निघून जातो. सही अथवा अंगठा मात्र बापाचा असतो.

वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठा कधीही देऊ नये. मूळ प्रमाणपत्र स्वतःजवळ ठेवून नक्कल द्यावी; मूळ कागद देणे भागच पडले तर पोच घ्यावी. वकील बदलावयाचा झाल्यास बदलता येतो. फी बाकी आहे या कारणास्तव वकिलास पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करता येते.

शाळेचा कागद

वकील कितीही कुशल असो, त्याच्या हाती पुरावा नसेल तर तो काय करणार? बालकाच्या बाबतीत वैद्यकीय कागदांच्या खालोखाल शाळेच्या नोंदींस महत्त्व आहे. डॉक्टर बालकास काही मिनिटे पाहतात; शिक्षक त्यास वर्षानुवर्षे पाहतो. म्हणून मुख्याध्यापकांनी मागणीवरून द्यावयाचे पत्र काळजीपूर्वक लिहिले पाहिजे.

‘सदर विद्यार्थिनी अपंग असून गरीब व होतकरू आहे, तरी सहानुभूतीने विचार व्हावा’ अशी पत्रे पुष्कळदा दिली जातात. त्यांत दया पुष्कळ असते आणि माहिती शून्य असते. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिले तर ते उपयोगी पडेल: ‘विद्यार्थिनी जून महिन्यापासून या वर्गात आहे. उजव्या हाताने पेन्सिल दोन-तीन मिनिटांहून अधिक धरता येत नाही. शुद्धलेखनाच्या दहा ओळींपैकी तीन ओळी वेळेत पूर्ण होतात. पायरी चढताना दुसऱ्याचा आधार घ्यावा लागतो. जिन्यामुळे वरच्या वर्गखोलीतील कार्यक्रमास जाता येत नाही. जुलै महिन्यात पाय दुखत असल्याने सहा दिवस अनुपस्थित होती. हजेरीपत्रकाची नक्कल सोबत जोडली आहे.’ या पत्रात शिक्षकाने पाहिलेली व मोजलेली वस्तुस्थिती आहे. रोगाचे निदान करणे किंवा टक्केवारी सुचविणे हे शिक्षकाचे काम नव्हे. त्याने ते करू नये. न पाहिलेली गोष्ट तर मुळीच लिहू नये. एका अतिशयोक्तीमुळे खऱ्या दहा गोष्टींवरचा विश्वास उडतो.

कधीकधी तक्रारीचा रोख शाळेवरच असेल. उतरंडीचा रस्ता बांधला नाही, परीक्षेत जादा वेळ दिला नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज कपाटातच राहिला, अशा गोष्टी पालक वकिलास सांगतील. त्या वेळीही मागितलेल्या नकला शाळेने विनाविलंब द्याव्यात. चूक झाली असल्यास ती दुरुस्त करून तसे लेखी कळविणे हेच शाळेच्या प्रतिष्ठेस शोभणारे आहे. कागद दडविल्याने चूक झाकली जात नाही. तिच्यात दुसरीची भर पडते.

शिक्षकाने आपली मर्यादाही ओळखावी. त्याने पालकास वाट दाखवावी, अर्ज वाचून दाखवावा, तारीख समजावून द्यावी. एखाद्या विशिष्ट खासगी वकिलाचे नाव पुढे करणे, पैशांच्या व्यवहारात मध्यस्थ होणे किंवा पालकाच्या वतीने सही करणे ही कामे त्याने करू नयेत.

तारीख पाहावी

आता त्या तिसरीतील मुलीकडे परत वळू. कुटुंब गाव सोडण्यापूर्वीच्या त्या आठ दिवसांत काय करता आले असते? शिक्षकाने प्रमाणपत्र हाती घेऊन तारीख पाहिली असती व त्यात ९० दिवस मिळवून शेवटचा दिवस त्याच्या नकलेवर लिहून दिला असता. तोंडी मिळालेले उत्तर लेखी मागण्याचा अर्ज करून घेऊन त्यावर आवक क्रमांक व शिक्का घ्यावयास सांगितले असते. शाळेचे पत्र त्याच आठवड्यात दिले असते. मग बाप तालुक्याच्या न्यायालयात एक दिवस जाऊन विधी सेवा समितीपुढे आपले म्हणणे सांगता, वकीलपत्रावर सही करता आणि कारखान्यावरील आपला दूरध्वनी क्रमांक देऊन निश्चिंतपणे कामास जाता. अपिलात न्याय मिळाला असता किंवा नसता. तपासणीत ३५ टक्केच योग्य ठरले असते, असेही संभवते. परंतु मुलीचे म्हणणे ऐकून घेतले गेले असते आणि कोणालाही लाच अथवा दलाली द्यावी लागली नसती.

कायद्याने दिलेला हक्क मुदत उलटली म्हणजे कागदावरच राहतो. दिव्यांग विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे, त्यांच्या तारखा व नूतनीकरणाचे दिवस यांची एक स्वतंत्र नोंदवही प्रत्येक शाळेत असावी; दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती उघडून पाहण्यात यावी; आणि ज्या गावांतून कुटुंबे स्थलांतर करतात तेथे दसऱ्यापूर्वी ती एकदा पालकांसमक्ष वाचून दाखविण्यात यावी. या कामास अर्धा तास पुरतो. न केल्यास एखाद्या बालकाचे सबंध वर्ष वाया जाते.